खोली तयार का नाही? संघटनात्मक वर्तन हा विषय समजून घेताना

डिसेंबरमधली दुपार, दोन वाजलेत. कळंगुटच्या एखाद्या मध्यम हॉटेलात पाहुणे बॅगा घेऊन रिसेप्शनसमोर उभे आहेत आणि खोल्या तयार नाहीत. रिसेप्शनवरची मुलगी वर फोन लावते, ‘अजून किती वेळ?’ वरून उत्तर येते, ‘करतोय ना!’ आणि फोन आपटला जातो. संध्याकाळी दोन्ही बाजू मॅनेजरपुढे उभ्या राहतात. रिसेप्शनचे म्हणणे, हाउसकीपिंगवाले आळशी. हाउसकीपिंगचे म्हणणे, एसीत बसून फोन फिरवणाऱ्यांना वरचे काय कळणार. मॅनेजर दोघांनाही दम देतो, ‘टीम बिल्डिंग’चे एक सत्र ठेवतो, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

आता कागद-पेन घ्या. चेक-आउट ११ वाजता, चेक-इन २ वाजता, मध्ये १८० मिनिटे. पाहुणा सोडून गेलेली खोली नव्याने लावायची म्हणजे चादरी आणि अभ्रे बदलणे, बाथरूम घासणे, केर-लादी, टॉवेल, साबण, पाण्याच्या बाटल्या आणि शेवटी सुपरवायझरची नजर. याला साधारण ३० मिनिटे धरतात. १८० भागिले ३०, सहा. एका माणसाकडे पाळीत १४-१५ खोल्या असतात. त्यांतल्या नऊ एकाच दिवशी रिकाम्या झाल्या, तर तीन खोल्या दोनपर्यंत होऊच शकत नाहीत, माणूस कितीही कामसू असो. त्यात खालून फोन येतो, ‘आधी ३०४ करा’. मग ३०१ अर्धी टाकून ट्रॉली पुढे ढकलायची, नंतर परत मागे आणायची. धुतलेल्या चादरी लाँड्रीतून साडेबाराला आल्या तर त्याआधीचा दीड तास बाथरूम घासण्यापलीकडे हातात काही उरत नाही. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तेव्हा तर हे रोजचेच.

भांडण दिसते दोन माणसांचे, मूळ आहे भागाकारात. ते मूळ शोधायला शिकवणाऱ्या विषयाचे नाव संघटनात्मक वर्तन. ऑर्गनायझेशनल बिहेवियर या इंग्रजी नावावरून कॉलेजात सगळे त्याला ओबी म्हणतात.

बीबीए, बीकॉम, हॉटेल मॅनेजमेंट, मानसशास्त्र, समाजकार्य, कुठल्याही वाटेने गेलात तरी हा विषय कुठेतरी भेटतो. एमबीएत तो बहुधा पहिल्याच वर्षी असतो. गोव्यात ताळगावच्या पठारावर विद्यापीठाचे गोवा बिझनेस स्कूल आहे, १९९३ मध्ये सुरू झालेली आणि आता साखळीला असलेली गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे, शिवाय वाणिज्य आणि व्यवस्थापन शिकवणारी कॉलेजे आहेतच. चार क्रेडिटचा पेपर असेल तर वर्गात साठेक तास मिळतात. विद्यार्थी तो सोपा समजतात, कारण आकडेमोड कमी आणि सगळे आधी ऐकल्यासारखे वाटते. खरी अडचण तिथेच आहे. जे ऐकल्यासारखे वाटते ते आपण तपासत नाही.

आपल्याकडे कुणी विचित्र वागला की ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणून विषय मिटतो. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये एक छोटेसे सूत्र मांडले: माणसाचे वर्तन माणूस आणि त्याची परिस्थिती या दोन्हींवर अवलंबून असते. दुसऱ्याकडे बघताना आपण यातला दुसरा भाग विसरतो. सहकारी उशिरा आला की तो बेशिस्त, आपण उशिरा आलो की पर्वरीला ट्रॅफिक होते. १९७७ मध्ये ली रॉस यांनी या चुकीला शास्त्रीय नाव दिले. मराठीत तिला आरोपणातली मूलभूत चूक म्हणता येईल. ओबीचा निम्मा अभ्यास ही चूक टाळायला शिकण्यात जातो.

पाठ्यक्रम तीन मजल्यांचा असतो. खाली व्यक्ती: आकलन, व्यक्तिमत्त्व, वृत्ती, प्रेरणा, भावना. मधे गट: भूमिका, अलिखित नियम, संवाद, नेतृत्व, सत्ता, संघर्ष. वर संस्था: रचना, संस्कृती, बदल. शिकवताना हे एकामागून एक येते, प्रत्यक्षात सगळे एकाच वेळी घडते. वरच्या हॉटेलात थकलेला माणूस आहे, दोन विभागांचे वाकडे आहे आणि ११ ते २ चे वेळापत्रक आहे. फक्त खालचा मजला बघणारा मॅनेजर प्रेरणेवर व्याख्यान ठेवतो. वेळापत्रक बघणारा चेक-इन तीनला नेतो, आदल्या रात्रीच चेक-आउटची यादी वर पाठवतो, आणि फोनऐवजी कुठली खोली कुठल्या टप्प्यात आहे हे दोघांना दिसेल असा एकच तक्ता ठेवतो.

हॉथॉर्न नीट वाचा

या विषयाच्या प्रत्येक पुस्तकात हॉथॉर्नचा प्रयोग असतो आणि बहुतेक उत्तरपत्रिकांत तो चुकीचा असतो. त्यावर थोडा वेळ घालवला तर पुढचे खूप सोपे जाते.

शिकागोजवळ सिसेरो इथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा कारखाना होता. तिथे टेलिफोनची सामग्री बनायची. १९२४ मध्ये प्रश्न अगदी साधा होता, उजेड वाढवला तर काम वाढते का? उजेड वाढवलेल्या गटाचे काम वाढले. ज्यांचा उजेड होता तसाच ठेवला, त्यांचेही वाढले. उजेड आणि उत्पादन यांचा सरळ धागा काही सापडेना.

मग एप्रिल १९२७ मध्ये रिले जोडणाऱ्या पाच बायका आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी एक, अशा सहा जणींना वेगळ्या खोलीत बसवले. रिले म्हणजे टेलिफोन यंत्रणेतला एक स्विच, त्याचे पस्तीसच्या आसपास सुटे भाग हाताने जुळवायचे, एकाला साधारण मिनिटभर. तयार रिले घसरणीतून खाली टाकला की कागदी पट्टीवर भोक पडायचे, त्यामुळे प्रत्येकीचे दिवसाचे काम अचूक मोजले जायचे. पुढची पाच वर्षे मधल्या सुट्ट्या दिल्या, खाऊ दिला, दिवस लवकर संपवला, मध्येच हे सगळे काढून घेतले, पुन्हा दिले. उत्पादन सुमारे ३० टक्के वाढले.

यावरून ‘लक्ष दिले की माणूस जास्त काम करतो’ असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि हॉथॉर्न परिणाम हे नाव रूढ झाले. विद्यार्थी इथेच थांबतात. पण त्या खोलीत आणखी काय काय बदलले ते पाहा. जानेवारी १९२८ मध्ये दोघींना, गप्पा फार मारतात आणि सहकार्य करत नाहीत म्हणून, बाहेर काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या. पूर्वी शंभरेक कामगारांच्या विभागाच्या एकूण कामावर बोनस ठरायचा, आता तो या लहानशा गटाच्या कामावर ठरू लागला. म्हणजे एकीने हात चालवला की पैसे लगेच दिसणार. १९२९ नंतर मंदी आली आणि नोकरी जाण्याची भीतीही खोलीत शिरली. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर वाढीचे श्रेय एकट्या ‘लक्ष देण्या’ला देता येत नाही.

त्याच कारखान्यात १९३१-३२ मध्ये १४ पुरुषांच्या खोलीचे निरीक्षण झाले: ९ वायर जोडणारे, ३ सोल्डर करणारे, २ तपासणीस. यांच्याकडेही कोपऱ्यात बसून कुणीतरी पाहत होतेच. जास्त कामाला जास्त पैसे, हाही नियम होता. तरी त्यांनी आपसात दिवसाच्या कामाची एक मर्यादा ठरवली होती आणि तिच्यापुढे कुणी जायचे नाही. जो जास्त करी तो दर बिघडवणारा, जो फार कमी करी तो फुकटखाऊ, वर जाऊन सांगे तो चुगलखोर. नियम मोडणाऱ्याच्या दंडावर ठोसा बसायचा. कारण काय? आज जास्त करून दाखवले तर उद्या कंपनी नगामागचा दर उतरवेल किंवा माणसे कमी करेल, ही भीती.

या दोन खोल्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तर गटाच्या अलिखित नियमांचे पूर्ण प्रकरण समजते. वेर्णे किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नवा मुलगा पहिल्या आठवड्यात झपाझप हात चालवतो आणि जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी जुना त्याला ‘सवकास रे बाबा’ म्हणून बाजूला घेतो, तेव्हा त्याला कामचुकारपणा शिकवला जातोय असे समजू नका. गट आपला दर राखतोय. हे ओळखता आले की ‘इन्सेंटिव्ह वाढवूया’ हा उपाय तिथे का फसतो तेही कळते.

प्रेरणा मोजायची कशी

प्रेरणेच्या प्रकरणात सिद्धांतांची रांग लागते. मॅस्लो यांच्या पाच गरजा (शरीराच्या गरजा, सुरक्षितता, आपुलकी, प्रतिष्ठा, आत्मसिद्धी) १९४३ च्या लेखात आल्या; त्यांचा सुप्रसिद्ध पिरॅमिड मात्र नंतरच्या लोकांनी काढला, आणि एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय माणूस पुढची चढत नाही याला पुरावा फारसा मिळाला नाही. हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून सांगितले की पगार, कँटीन, साहेबाचे वागणे हे वाईट असेल तर माणूस नाराज होतो, पण चांगले असले म्हणून पेटून उठत नाही. उमेद येते ती कामातल्या यशातून, जबाबदारीतून. आक्षेप असा की यशाचे श्रेय स्वतःला आणि अपयशाचा दोष दुसऱ्याला, ही माणसाची सवयच आहे, मग मुलाखतीत दुसरे काय निघणार? वर सांगितलेल्या आरोपणाच्या चुकीची ही जवळची नातलग.

मॅस्लो विद्यार्थ्यांचा लाडका, कारण चित्र सोपे. पण प्रत्यक्ष कामाला लावण्यासाठी हॅकमन आणि ओल्डहॅम यांचे १९७५-७६ चे कामाच्या गुणधर्मांचे प्रतिमान कितीतरी जास्त उपयोगी आहे. ते माणसाला बाजूला ठेवून काम कसे रचले आहे ते तपासते. पाच गोष्टींना १ ते ७ गुण द्यायचे: कामात किती कौशल्ये लागतात, काम पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या हातून होते का, त्याचा दुसऱ्याच्या जगण्यावर किती परिणाम होतो, स्वतः ठरवायला किती वाव आहे, आणि काम बरे झाले की वाईट ते कामातूनच कळते का. पहिल्या तिन्हींची सरासरी, गुणिले चौथी, गुणिले पाचवी. जास्तीत जास्त ३४३.

पोदेराचे, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याचे काम घ्या. पीठ मळण्यापासून सायकलवर भोंपू वाजवत पाव दारात पोचवण्यापर्यंत काम त्याचेच. कौशल्ये ४, अखंडपणा ७, महत्त्व ७, सरासरी ६. वाव ६. कळणे ७, कारण पाव भट्टीतून निघताच रंग सांगतो आणि गिऱ्हाईक तोंडावर बोलते. ६ × ६ × ७ = २५२. आता औषधाच्या कारखान्यातली पॅकिंग लाइन. कौशल्ये २, अखंडपणा २, महत्त्व ५, सरासरी ३. वाव २, कळणे ३. गुणाकार १८.

मॅनेजर म्हणाला, ‘तुमच्या हातून रुग्णांचे प्राण वाचतात’ यावर आपण झकास भाषण ठेवू. समजा भाषण इतके परिणामकारक झाले की महत्त्व ५ वरून थेट ७ झाले. सरासरी ३.६७, गुणाकार २२. अठराचे बावीस. त्याऐवजी लाइनवरच्या चौघांना जागा कधी बदलायच्या आणि मधली सुट्टी कोणी कधी घ्यायची हे आपसात ठरवू दिले, तर वाव २ चा ४ होईल. दर तासाला चांगली पाकिटे किती, बाद किती, हे त्यांच्याच समोरच्या फलकावर लिहिले तर कळणे ३ चे ५. गुणाकार ६०. औषधाच्या कारखान्यात पॅकिंगची पद्धत कुणाला मनाने बदलता येत नाही, ती नियमांनी बांधलेली असते. म्हणून वाव द्यायचा तो क्रमात आणि पाळीत, कृतीत नव्हे. हे भान न ठेवता ‘कामगारांना स्वायत्तता द्यावी’ असे लिहिलेली उत्तरे वाचताना जीव कळवळतो.

एक सावधगिरी. नंतरच्या संशोधनात गुणाकाराऐवजी साधी बेरीजही तितकीच किंवा जास्त बरी चालते असे दिसले. तेव्हा २५२ आणि १८ हे आकडे तापमानासारखे वाचू नका. कुठे हात घातला तर फरक पडेल, हे ते दाखवतात.

हसू, शब्द आणि पात्रांव

गोव्यात शिकताना एक प्रकरण वगळून चालणार नाही, ते म्हणजे भावनांचे श्रम. आर्ली हॉशिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातून हा शब्द दिला. चेहऱ्यावर हसू ठेवणे हा ज्यांच्या नोकरीचा भाग आहे, ते दोन प्रकारे ते निभावतात. आत काहीही असो, वरून हसायचे, हा वरवरचा अभिनय. समोरचा प्रवासाने दमलाय असे मनात आणून खरोखरच सौम्य व्हायचे, हा खोल अभिनय. पुढच्या अभ्यासांत वरवरच्या अभिनयाचा थकव्याशी संबंध वारंवार दिसला आहे. किनाऱ्यावरच्या शॅकमधला वाढपी, कॅसिनोतली मुलगी, रुग्णालयातली नर्स, सगळ्यांच्या पगारपत्रकात हे श्रम कुठल्याच ओळीत लिहिलेले नसतात. उपायही कामाच्या मांडणीत आहेत: सलग चार तास पाहुण्यांसमोर उभे न करता मधे पंधरा मिनिटे तरी कुणी पाहणार नाही अशी जागा द्यायची, आणि शिवीगाळ करणाऱ्या पाहुण्यापासून बाजूला होण्याची परवानगी आधीच द्यायची.

तसाच मानसिक करार, म्हणजे कागदावर नसलेला पण मनात धरलेला. कागदावर सही असते ऑक्टोबर ते मार्चची, पण निघताना ‘पुढच्या सीझनला ये हं’ असे म्हटलेले असते. मालकासाठी तो निरोप, कामगारासाठी तो शब्द. ऑक्टोबरमध्ये त्याच्या जागी दुसराच दिसला की कायद्याने काही मोडलेले नसते, तरी विश्वास मोडतो, आणि जे उरले आहेत त्यांचाही मोडतो. मागे राहिलेल्यांच्या कामात अचानक ढिलाई का आली, याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते.

गोव्यात मालकाला अजूनही ‘पात्रांव’ म्हणतात. पात्रांवाला वाईट बातमी कोण सांगणार? एमी एडमंडसन यांना रुग्णालयातल्या गटांचा अभ्यास करताना उलटेच काही दिसले: ज्या गटांत आपसातले संबंध चांगले, तिथे औषधांच्या चुकांची नोंद जास्त. चुका जास्त होत होत्या असे नव्हे, त्या सांगितल्या जात होत्या. १९९९ मध्ये त्यांनी मानसिक सुरक्षितता, म्हणजे चूक सांगितली तरी आपल्यावर शेकणार नाही असा गटातला विश्वास, ही कल्पना सविस्तर मांडली. म्हणून एखाद्या विभागात तक्रार शून्य असेल तर खूष होण्याआधी तिथे बोलायची सोय आहे का ते बघा. ‘भारतात सत्तेतले अंतर मोठे’, म्हणजे वरच्या-खालच्यांतली दरी लोक सहज मान्य करतात, असे देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करणाऱ्या हॉफस्टीड यांच्या मोजणीचा हवाला देऊन लिहायची पद्धत आहे. त्यांच्या तक्त्यात भारताला ७७ गुण आहेत हे खरे, पण ती मोजणी १९६७ ते १९७३ च्या सुमारास आयबीएमच्या नोकरदारांकडून घेतलेली, आणि देशाची सरासरी. फोंड्यातल्या एका वर्कशॉपला ती लावता येत नाही. तिथे कोण कुणाला अरे-तुरे करतो आणि बैठकीत पहिले कोण बोलते, एवढे टिपले तरी जास्त कळेल.

प्रकल्प कुठे फसतो

बहुतेक ठिकाणी एक छोटा क्षेत्रीय प्रकल्प असतो आणि तो सहा जणांच्या गटाला मिळतो. त्यात दोघे राबतात आणि चौघांची नावे येतात. यावर रागावण्याआधी रिंगेलमन आठवा: १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजण्यांत दोर ओढणारी माणसे वाढली तसा दर माणशी जोर कमी होत गेला. काही भाग ताळमेळ न जमल्याचा, काही भाग अंग चोरण्याचा. आपला वाटा कुणाला वेगळा दिसत नसला की माणूस सैल पडतो. म्हणून पहिल्याच दिवशी कुणाच्या मुलाखती कोणत्या, कुणाचा तक्ता कुठला, हे नावानिशी लिहा आणि गट शक्य तर तिघा-चौघांचा ठेवा.

पुढची चूक प्रश्नावलीत होते. इंग्रजी प्रश्नावली शब्दकोश घेऊन मराठीत आणली की ‘आपणांस कार्यस्थळी पुरेशी स्वायत्तता लाभते काय?’ असे काहीतरी तयार होते. लाँड्रीतला माणूस थोडा थांबतो, वर बघतो आणि ‘होय’ वर खूण करतो. ते होय कशाचेच नाही. त्याऐवजी विचारा, ‘आज आधी कुठले काम करायचे ते तुम्ही स्वतः ठरवता का?’ पर्याय पाच: कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बरेचदा, नेहमी. ‘नोकरीत समाधानी आहात का?’ याला ‘बरें आसा, देव बरें करूं’ हेच उत्तर येणार, ते सौजन्य आहे, माहिती नव्हे. ‘गेल्या महिन्यात दुसरी नोकरी शोधायचा विचार मनात आला का?’ हे विचारले तर काहीतरी हाती लागते. ‘पगार आणि साहेबांची वागणूक चांगली आहे’ असे एकात दोन प्रश्न घालू नका. पगार चांगला आणि साहेब वाईट असेल तर त्याने खूण कुठे करायची?

भाषा हा गोव्यात मोठा प्रश्न आहे. एकाच स्वयंपाकघरात देवनागरी कोंकणी वाचणारा, रोमी वाचणारा, मराठी, कन्नड आणि हिंदीवाला असे पाचही असू शकतात. रीत अशी: एकाने मूळ प्रश्नावली त्या भाषेत आणायची, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ती परत इंग्रजीत न्यायची, आणि दोन्ही इंग्रजी मसुदे शेजारी ठेवून जिथे अर्थ सरकला तिथे भाषांतर दुरुस्त करायचे. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये या उलट-भाषांतराची पद्धत नीट मांडली. मग दहा जणांवर चाचणी. ज्या प्रश्नाला दहापैकी नऊ जण एकच खूण करतात, तो माणसांतला फरक दाखवणार नाही, काढून टाका. एका कल्पनेसाठी चार-पाच प्रश्न ठेवा आणि ते एकमेकांशी जुळतात का हे क्रॉनबाख अल्फाने तपासा, ०.७० च्या वर असेल तर सहसा चालते. उलट अर्थाचे प्रश्न असतील तर गुण आधी उलटवा, म्हणजे १ चा ५ आणि २ चा ४. हे विसरल्याने अल्फा कोसळतो आणि गट रात्रभर चूक शोधत बसतो.

वेळही निवडावी लागते. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हॉटेलात जाऊ नका, कुणी उभे करणार नाही आणि केले तरी उत्तरे त्या धावपळीची असतील. गणेश चवथीच्या आठवड्यात कारखान्यांत निम्मी माणसे नसतात. फॉर्म मॅनेजरच्या हातून वाटू नका, त्याच्या हाती गोळाही करू नका. कँटीनमध्ये बंद पेटी ठेवा. नाव विचारू नका, आणि भाग घ्यायचा नसेल तर काही बिघडत नाही हे आधी तोंडी सांगा.

फॉर्म भरून घेतले की काम झाले असे मात्र नाही. तिथे जाऊन मोजणेही लागते. हॉटेल निवडले असेल तर तीन दिवस मजल्यावर घड्याळ घेऊन उभे राहा: खोली कधी रिकामी झाली, कधी सुरू केली, काम कितीदा तुटले, कशामुळे तुटले, कधी सोपवली. साध्या वहीत पाच रकाने पुरतात. प्रश्नावली सांगते लोकांना काय वाटते, वही सांगते काय घडले. दोन्ही जिथे जुळत नाहीत तिथेच लिहिण्यासारखे असते.

परीक्षेत केस स्टडीचे उत्तर लिहिताना नेमके हेच कामी येते. केस वाचली की मॅस्लो, हर्झबर्ग, व्रूम अशा प्रेरणेच्या सिद्धांतकारांची परिच्छेदभर माहिती ओतून शेवटी ‘म्हणून प्रेरणा वाढवावी’ असे लिहिणारे निम्म्या गुणांवर अडकतात. आधी केसमधले तथ्य सांगा, कोणी काय केले, मते नकोत. मग घटना कुठल्या मजल्यावर घडते आहे ते ठरवा. एक सिद्धांत घेऊन तो पूर्ण लावा, आणि दुसरे एखादे कारण असू शकेल का हेही लिहा. हॉथॉर्न वाचले असेल तर ते सुचेल. शेवटी उपाय आणि तो लागू पडला की नाही हे महिन्याभराने कशावरून ओळखायचे, ही ओळ. ती शेवटची ओळ फार थोडे लिहितात.

ओबीने सगळेच उलगडते असे मानू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये गोव्यातले खाणकाम थांबले, तेव्हा डिचोली-सत्तरीच्या ट्रकवाल्यांचा आणि बार्जवरच्या खलाशांचा प्रश्न प्रेरणेचा नव्हता. किमान वेतन मिळत नसलेल्या ठिकाणी कामाच्या रचनेवर सल्ला देणे हेही तसेच. तिथे कायदा आणि अर्थशास्त्र आधी येते, आणि प्रकल्पात तसे स्पष्ट लिहायला हरकत नाही.

अहवाल झाला की त्याचे एक पान मराठीत किंवा कोंकणीत करून ज्यांनी फॉर्म भरले त्यांनाही द्या, नुसते मॅनेजरला नको. देण्याआधी तक्ते पुन्हा बघा. एखाद्या विभागात पाचपेक्षा कमी माणसे असतील तर त्याची सरासरी वेगळी छापू नका, शेजारच्या विभागात मिसळा. लाँड्रीत तिघेच असतात, आणि ‘लाँड्री: सुपरवायझरबद्दल समाधान १.३’ एवढे छापले की ते तिघे कोण, हे विचारायची कुणालाच गरज पडत नाही.